अँपार्फे कधी वापरायचा? आधी वाक्य वर्तमानकाळात आणून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फ्रेंचमधल्या अँपार्फे या भूतकाळाची रूपं पाठ आहेत, तक्ता विचारला तर चुकत नाही, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलं की अँपार्फे आणि पासे कोंपोझे, म्हणजे घडून गेलेली घटना सांगणारा भूतकाळ, यांत गोंधळ उडतो. 'वॉज डूइंग' आणि 'यूज्ड टू' असेल तिथे अँपार्फे, हा नियम लावूनही तपासणारे लाल शाई ओततात. नमुना म्हणून तुम्ही पाच वाक्यं दिली आहेत. काल मी सिनेमाला गेलो होतो. दिवसभर पाऊस पडत होता. मला भूक लागली होती. मित्र म्हणाला की मी दमलोय. आम्ही उशिरा परतलो. यातलं फक्त शेवटचं तुम्ही फ्रेंचमध्ये बरोबर लिहिलंत.

या पाचांतल्या पहिल्या चार चुका मी इतक्या वर्षांत इतक्या वह्यांमध्ये पाहिल्या आहेत की आता त्या मला चुका न वाटता मराठी माणसाच्या सह्या वाटतात. त्यांचं मूळ फ्रेंचमध्ये नाही. आपण मराठीत विचार करतो, मग तो इंग्रजीत नेतो आणि तिथून फ्रेंचमध्ये उतरवतो. या दोन बदल्यांच्या प्रवासात सामान हरवतं. म्हणून मी इंग्रजीला या उत्तरातून रजा देणार आहे.

एक सूचना आधीच. फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी सांगेन.

रूपं तुम्हाला येतात, तरी ती कुठून येतात ते पुन्हा एकदा पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट तिथेच दडलेली आहे. वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं, रूप घ्यायचं, शेवटचं ओ-एन-एस काढायचं आणि उरलेल्या धातूला प्रत्यय लावायचे. 'झ' (मी) आणि 'त्यु' (तू) यांसाठी ए-आय-एस, 'इल, एल, ओं' (तो, ती, आपण) यांसाठी ए-आय-टी, 'नू'साठी आय-ओ-एन-एस, 'वू' (तुम्ही) यासाठी आय-ई-झेड आणि अनेकवचनी 'इल, एल'साठी ए-आय-ई-एन-टी. नू पार्लों, म्हणून झ पार्ले. नू फिनिसों, म्हणून झ फिनिसे. नू ब्युवों, म्हणून झ ब्युवे. नू प्रनों, म्हणून झ प्रने. वर्तमानकाळात ज्या क्रियापदांनी तुमचा छळ केला ती सगळी इथे गरीब गाईसारखी वागतात. अपवाद एकच, 'एत्र', म्हणजे असणे. त्याचं 'नू सोम' कामाला येत नाही, धातू 'एत' घ्यायचा : झेते, त्यु एते, इलेते, नूझेत्यों, वूझेत्ये, इलझेते. 'पाऊस पडणे' आणि 'लागणे, हवे असणे' या अर्थाच्या क्रियापदांना 'नू'चं रूपच नसतं, त्यांची इल प्लवे आणि इल फाले ही रूपं सरळ लक्षात ठेवायची.

स्पेलिंगच्या खोड्या तीनच. 'माँझे' (जेवणे, खाणे) या क्रियापदात जी-नंतर ए आला की मध्ये ई ठेवायचा, नाहीतर 'झ'चा 'ग' होतो. पण 'नू' आणि 'वू'च्या प्रत्ययात आय आहे, तिथे तो ई नको. 'कोमाँसे' (सुरू करणे) यात त्याच कारणासाठी सी-खाली शेपटी द्यायची, आणि 'नू-वू'ला ती काढायची. तिसरी खोडी दिसायला विचित्र आहे : 'एत्युदिए' म्हणजे अभ्यास करणे, त्याचा धातूच आय-ने संपतो, आणि 'नू'चा प्रत्ययही आय-ने सुरू होतो. मग दोन आय शेजारी शेजारी लिहायचे. मुलं त्यातला एक हमखास छपाईची चूक समजून खोडतात. खोडू नका, कारण एका आयचं रूप म्हणजे वर्तमानकाळ.

उच्चाराबद्दल मात्र थोडं थांबते. लेखनात पाच वेगळे प्रत्यय असले तरी 'झ, त्यु, इल' आणि अनेकवचनी 'इल' ही चारही रूपं कानाला एकच लागतात : पार्ले, पार्ले, पार्ले, पार्ले. ए-आय-ई-एन-टी हे पाच अक्षरांचं शेपूट दिसतं मोठं, पण त्यातून निघतो तोच एक उघडा 'ए'. शिवाय रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक 'नू'ऐवजी 'ओं' वापरतात, म्हणजे आम्हीसाठीही पुन्हा 'ओं पार्ले'. बोलताना वेगळं रूप उरतं ते जवळजवळ 'वू'चंच. इतका सोपा काळ फ्रेंचमध्ये दुसरा नाही.

धोका दुसरीकडे आहे. 'झे पार्ले' म्हणजे मी बोललो, पासे कोंपोझे. 'झ पार्ले' म्हणजे मी बोलत होतो, अँपार्फे. पहिल्यातला शेवटचा 'ए' मिटलेला आणि दुसऱ्यातला उघडा, असं पुस्तक सांगतं, पण दक्षिण फ्रान्समध्ये शब्दाच्या शेवटी हे दोन्ही एकसारखेच मिटलेले ऐकू येतात. मग फरक उरतो तो फक्त सुरुवातीच्या 'झे' आणि 'झ'मध्ये. आपण मराठी माणसं 'झ'चा 'झे' करून मोकळे होतो आणि तिथेच काळ बदलतो. तोंडी परीक्षेत तुम्ही बरोबर रूप बोलूनही चूक धरली गेली असेल तर कारण बहुधा हे.

जाता जाता एक. अठराव्या शतकातला एखादा मूळ मजकूर हाती पडला तर त्यात हेच प्रत्यय ए-आय-एसऐवजी ओ-आय-एस असे दिसतील. उच्चार कधीच बदलला होता, स्पेलिंग मागे राहिलं होतं. लेखक व्होल्तेरने त्या बदलासाठी बराच आग्रह धरला, पण फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात तो स्वीकारला १८३५ साली. तेव्हा जुनं स्पेलिंग बघून वेगळा काळ शोधत बसू नका.

आता मुद्द्याकडे.

अँपार्फे वर्तमानकाळाच्या धातूपासून बनतो, आणि अर्थानेही तो तसाच आहे : तो भूतकाळात नेऊन ठेवलेला वर्तमानकाळ आहे. तुम्ही त्या वेळेत जाऊन उभे राहता आणि आजूबाजूला बघता. जे चालू आहे, जसं आहे, जे नेहमी होतं, ते सगळं तुम्हाला तिथे उभं राहून 'आहे' म्हणून दिसतं. सुरुवात कधी झाली, शेवट कधी झाला, हे तिथून दिसत नाही. त्यालाच 'अपूर्ण' म्हणायचं. अँपार्फे या शब्दाचाही अर्थ तोच, आणि आपल्या शालेय व्याकरणातलं 'अपूर्ण भूतकाळ' हे नाव तर त्याचं सख्खं भावंड आहे.

यातून एक कसोटी निघते. वाक्य भूतकाळातून उचलायचं आणि आत्ताच्या क्षणावर आणायचं. आत्ता तेच सांगताना फ्रेंच माणूस वर्तमानकाळ वापरेल का? वापरणार असेल तर भूतकाळात अँपार्फे. आत्ताच्या क्षणीही तो पासे कोंपोझेच वापरेल किंवा वाक्य आत्तावर आणताच येत नसेल, तर भूतकाळात अँपार्फे नाही. मराठी क्रियापदाचं रूप काय आहे याकडे या कसोटीत बघायचंच नाही, आणि हीच तिची गंमत आहे.

कसोटीशिवायही आपल्या कानाला हे बरंचसं येतं. आपल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा राज्य करत असे. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती होती, एक नावडती होती. राजा रोज शिकारीला जाई. इथपर्यंत सगळा अँपार्फे. मग येतं 'एके दिवशी', आणि त्यानंतर राजा गेला, दिसलं, विचारलं, म्हणाली. 'एके दिवशी'च्या आधी चित्र रंगवलं जातं, नंतर गोष्ट चालू लागते. फ्रेंच परीकथाही 'इलेतेत्युन फ्वा' अशीच सुरू होते आणि त्यातलं 'एते' हे अँपार्फेच आहे. चालत्या गोष्टीसाठी लेखी कथेत पासे सॅम्प्ल हा आणखी एक भूतकाळ येतो, बोलण्यात पासे कोंपोझे. पण अँपार्फे दोन्हीकडे तोच राहतो.

या कहाणीत आणखी एक बघण्यासारखं आहे. मराठीत 'करत असे', 'जाई' आणि नुसतं 'होता' अशी वेगवेगळी रूपं आली, शिवाय 'करत होता' आणि 'जायचा' आहेतच. व्याकरणाचं पुस्तक त्यांना अपूर्ण भूतकाळ, रीतिभूतकाळ अशी नावं देतं. फ्रेंच या सगळ्यांना एकाच खुंटीवर टांगतं. 'मी वाचत होते' आणि 'मी वाचायचे' या दोन्हींचं फ्रेंच 'झ लीझे'. त्या क्षणाची गोष्ट आहे की सवयीची, ते सोबतच्या शब्दांवरून कळतं. त्यांच्या वर्तमानकाळातही हाच प्रकार आहे. 'झ ली' म्हणजे मी वाचते आहे आणि मी वाचते, दोन्ही.

म्हणजे मराठी कान मदतीला आहे. पण तो तीन ठिकाणी दगा देतो, आणि तुमच्या चार चुका त्या तीन ठिकाणांवरच्याच आहेत.

सगळ्यात मोठा खड्डा 'गेलो होतो'चा. मराठीत '-लो होतो' हे रूप आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की त्यात किमान तीन वेगळे अर्थ राहतात, आणि फ्रेंचमध्ये त्या तिघांची घरं वेगळी आहेत.

'काल मी सिनेमाला गेलो होतो.' गेलो, पाहिला, परत आलो. एक झालेली, मिटलेली गोष्ट. इथे 'होतो' आहे म्हणून पेन आपोआप अँपार्फेकडे वळतं, पण फ्रेंचमध्ये ही साधी घडलेली घटना आहे : इयेर, झ स्वीझाले ओ सिनेमा. पासे कोंपोझे. व्याकरणाचा थोडा अभ्यास झालेले लोक उलट चूक करतात, हे पूर्ण भूतकाळाचं रूप आहे म्हणून फ्रेंचचा पूर्ण भूतकाळ, म्हणजे प्ल्युस-क-पार्फे, लावतात. तोही नको. दुसरी कुठली घटना शेजारी नसेल तर प्ल्युस-क-पार्फे ऐकणाऱ्याला टांगून ठेवतो : गेला होतास, बरं, मग?

'ती झोपली होती. मला भूक लागली होती. तो खुर्चीवर बसला होता. त्याने चष्मा लावला होता. मी दमले होते. उशीर झाला होता.' रूप तेच, पण अर्थ अवस्थेचा. मराठी अवस्था सांगताना ती ज्या क्रियेतून आली ती क्रिया सांगते. आपल्याकडे भूक 'लागते', उशीर 'होतो', माणूस 'दमतो', आणि मग तो त्या अवस्थेत असतो. फ्रेंच सरळ अवस्थाच सांगतं. कसोटी लावा. 'ती झोपली आहे' याचं फ्रेंच 'एल दोर', वर्तमानकाळ. 'मला भूक लागली आहे' म्हणजे 'झे फँ', वर्तमानकाळ. मग भूतकाळात 'एल दोर्मे', 'झावे फँ', 'इलेते आसी', 'इल पोर्ते दे ल्युनेत', 'झेते फातिगे', 'इलेते तार'. सगळे अँपार्फे. तुम्ही 'झे यु फँ' लिहिलंत, त्याचा अर्थ होतो एका ठरावीक क्षणी भूक उसळली. वाक्य अशक्य नाही, पण तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं.

तिसरा अर्थ तो खरा पूर्ण भूतकाळ. 'तो आला तेव्हा मी जेवले होते.' त्याच्या येण्याआधी जेवण आटपलेलं. इथे प्ल्युस-क-पार्फे हवा : काँतिल एतारिवे, झावे माँझे. त्यातला 'आवे' हा 'आव्वार'चा अँपार्फेच आहे, म्हणजे अँपार्फे येतो त्याला हा काळ फुकट मिळाला. याच वाक्याचे तीन अवतार शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा. 'काँतिल एतारिवे, झ माँझे' : तो आला तेव्हा मी जेवत होते. 'काँतिल एतारिवे, झे माँझे' : तो आला तेव्हा, म्हणजे आल्यावर, मी जेवले. 'झावे माँझे' : तो येण्याआधीच जेवले होते. एका छोट्या स्वराच्या फरकाने पाहुण्याला जेवताना सोबत मिळाली की नाही ते ठरतं.

दुसरा खड्डा मोजलेल्या वेळेचा. 'दिवसभर पाऊस पडत होता', 'मी पाच वर्षं लिओंला राहत होते', 'वर्षभर मी रोज धावायचे'. मराठीत ही तिन्ही वाक्यं निर्दोष आहेत. फ्रेंचला मात्र वेळेची दोन्ही टोकं दिसली की ती क्रिया डब्यात भरून झाकण लावलेली वाटते, मग ती कितीही लांब असो. इला प्ल्यु तूत ला झूर्ने. झे वेक्यु सँक आँ आ लियों. पाँदाँ अँनाँ, झे कूर्यु तू ले झूर. तिन्ही पासे कोंपोझे. 'दीर्घ क्रिया म्हणजे अँपार्फे, छोटी क्रिया म्हणजे पासे कोंपोझे' असं काही शिकवण्या सांगतात, ते ताबडतोब विसरा. लांबीचा इथे संबंध नाही, झाकणाचा आहे. शंभर वर्षं चाललेलं युद्धही पासे कोंपोझेत मावतं, आणि निमिषभराची नजरही अँपार्फेत येते, जर त्या निमिषाच्या आत उभं राहून तुम्ही बोलत असाल.

'तीन वेळा', 'दोनदा' यांचंही तेच : मोजलं की मिटलं. मात्र मोजमाप सवयीच्या आत असेल तर ते चालतं. 'दर उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडे बियारित्झला काढायचो' : शाक एते, ओं पासे त्र्वा स्मेन आ बियारित्झ. इथे तीन आठवडे मोजलेत, पण असे उन्हाळे किती ते मोजलेलं नाही. कसोटीही हेच सांगते. 'दर उन्हाळ्यात तीन आठवडे काढतो' हे वर्तमानकाळात खुशाल म्हणता येतं, 'पाच वर्षं राहून झाली' हे वर्तमानकाळात म्हणता येत नाही.

आणि 'दप्वी', म्हणजे '-पासून'. 'मी दुपारी बारापासून वाट बघते आहे' हे फ्रेंचमध्ये वर्तमानकाळ : झाताँ दप्वी मिदी. मग 'बारापासून वाट बघत होते, तेवढ्यात तो आला' यात अँपार्फे : झाताँदे दप्वी मिदी. एक टोक बंद, दुसरं उघडं, म्हणून झाकण नाही. 'दप्वी' आणि 'पाँदाँ' (इतका वेळ, '-भर') यांतला फरक ज्याला कळला त्याचा अर्धा अँपार्फे झाला असं मी वर्गात म्हणते.

'नेहमी', 'अनेकदा' असे शब्द दिसले की डोळे मिटून अँपार्फे लावायचा, हेही खरं नाही. 'झे तूझूर एमे लीर' म्हणजे मला वाचायला कायम आवडत आलं आहे, आजही आवडतं. तिथे अँपार्फे लावलात तर ऐकणारा विचारेल, मग आता काय झालं?

तिसरा खड्डा दुसऱ्याचं बोलणं सांगण्याचा. मराठी त्या माणसाचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवते. 'मित्र म्हणाला की मी दमलोय.' 'की'च्या पुढे तो जणू आत्ता आपल्यासमोर बोलतोय. फ्रेंच मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की पुढच्यालाही मागे ओढतं : मोनामी आ दी किलेते फातिगे. त्याच्या तोंडचा वर्तमानकाळ आपल्या तोंडी अँपार्फे होतो. इथे तर कसोटी लावावीही लागत नाही, वर्तमानकाळ मराठी वाक्यात उघडाच पडलेला असतो. मनातल्या बोलण्यालाही हाच न्याय. 'मला वाटलं तू झोपली आहेस' : झ क्र्वाये क त्यु दोर्मे. दोन्ही क्रियापदं अँपार्फेत. 'मला वाटलं' हे मराठीत साधा भूतकाळ असूनही फ्रेंचमध्ये बहुधा 'झ क्र्वाये' होतं, कारण ती समजूत काही वेळ मनात नांदत होती. या एका वाक्यात मराठीची दोन्ही क्रियापदं अँपार्फेसारखी दिसत नाहीत, आणि तरी फ्रेंच वाक्य पूर्ण अँपार्फेचं. माझ्या मते मराठी विद्यार्थ्याने पाठ करावं असं हेच वाक्य आहे.

चौथं ठिकाण खड्डा नाही, उलट आपली चांदी आहे, पण लोक ती बघत नाहीत. काही क्रियापदं अँपार्फे आणि पासे कोंपोझेत अर्थच बदलतात, आणि पुस्तकं त्यांची भली मोठी यादी पाठ करायला देतात. मराठीत त्यासाठी आधीच वेगळे शब्दप्रयोग आहेत. 'झ सावे' म्हणजे मला माहीत होतं, 'झे स्यु' म्हणजे मला कळलं. 'झ कोनेसे' म्हणजे मी ओळखत होते, 'झे कोन्यु' म्हणजे ओळख झाली. 'झ पूवे' म्हणजे मला करता येत होतं, केलं की नाही कोण जाणे, आणि 'झे प्यु' म्हणजे जमलं. 'झ दवे पार्तीर' म्हणजे मला निघायचं होतं, 'झे द्यु पार्तीर' म्हणजे मला निघावं लागलं. बघा, 'निघायचं होतं' म्हटल्यावर तो निघाला की राहिला हे उघडं राहतं, 'निघावं लागलं' म्हटल्यावर तो निघालाच. हा बारकावा जन्मापासून आपल्या जिभेवर आहे. 'इलियावे'चंही तसंच : 'तिथे गर्दी होती' हे 'इलियावे', पण 'तिथे अपघात झाला' हे 'इल्या यु अँ आक्सिदाँ'. होतं आणि झालं. या दोन शब्दांत जो फरक आहे तो इतका नेमका आहे की अडलात तर आधी मराठीत 'होतं' बसतं की 'झालं', एवढं विचारून बघा. फक्त 'उशीर झाला होता'सारख्या अवस्था वर सांगितल्याप्रमाणे बाजूला काढा.

आता भूतकाळाशी संबंधच नसलेले उपयोग. हे पटकन सांगते, कारण मराठीत ते जसेच्या तसे आहेत.

जर-तरच्या कल्पनेत 'सी', म्हणजे 'जर', याच्यानंतर अँपार्फे येतो. 'मला वेळ असता तर मी वाचलं असतं' : सी झावे ल ताँ, झ लिरे. गोष्ट आजचीच आहे, वेळ आज नाही, पण रूप भूतकाळाचं. मराठी जसं 'असता' म्हणून वास्तवापासून एक पाऊल मागे सरकतं तसंच हे. वाक्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे 'तर'च्या भागात, कोंदिसिओनेल हे संकेतार्थी रूप येतं, त्याचे प्रत्यय अँपार्फेचेच आहेत, फक्त ते भविष्यकाळाच्या धातूला लागतात. या साम्यामुळे खुद्द फ्रेंच मुलंही 'सी'नंतर कोंदिसिओनेल लावून 'सी झोरे' म्हणतात, आणि मग शाळेत त्यांना घोकवलं जातं : ले सी नेम पा ले रे. 'सी'ला 'रे' आवडत नाही. तुम्हीही घोका.

त्याच 'सी'ने सूचनाही करता येते. सी ओं सोर्ते? बाहेर पडायचं का? आणि नम्रपणे विषय काढायचा असेल तर झ वूले वू दमाँदे केल्क शोझ. मला तुम्हाला एक विचारायचं होतं. आपणही 'होतं' म्हणतो, प्रश्न मात्र अजून विचारायचा असतो. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीसाठी : युन मिन्युत द प्ल्युस, ए झ राते ल त्रँ. आणखी एक मिनिट, की गाडी चुकलीच होती. गाडी चुकली नाही, तरी दोन्ही भाषा भूतकाळच वापरतात.

'करणारच होतो' आणि 'नुकतंच केलं होतं' यांसाठी 'झाले' आणि 'झ वने द' पुढे मूळ क्रियापद लावून येतात. झाले ताप्ले, मी तुला फोन करणारच होते. झ वने द सोर्तीर, मी नुकतीच बाहेर पडले होते. या दोन अर्थांत पासे कोंपोझे कधीच चालत नाही.

एक प्रकार मात्र मुद्दाम सांगून ठेवते, नाहीतर फ्रेंच वर्तमानपत्र उघडल्यावर तुमचा या उत्तरावरचा विश्वास उडेल. तिथे असं वाक्य भेटतं : तारीख देऊन पुढे 'विक्तोर युगो नेसे आ बझाँसों'. १८०२ सालच्या फेब्रुवारीतल्या एका दिवशी हा लेखक बझाँसोंला जन्मला. यापेक्षा मिटलेली घटना कुठली? तरी क्रियापद अँपार्फेत. सामन्याच्या वृत्तांतातही शेवटच्या मिनिटाचा निर्णायक गोल असाच सांगतात. हा कथनाचा अँपार्फे. लेखक घटना सांगून पुढे जात नाही, तुम्हाला तिच्यासमोर उभं करतो. जवळ नेमकी तारीख किंवा वेळ असते, त्यावरून तो ओळखता येतो. गंमत म्हणजे कसोटी इथेही टिकते, कारण अशाच जागी फ्रेंच लोक ऐतिहासिक वर्तमानकाळही वापरतात. वाचताना ओळखा, लिहिताना वापरू नका. परीक्षक ती शैली समजणार नाहीत, चूक समजतील.

सरावासाठी रिकाम्या जागा भरणं मला फारसं उपयोगी वाटत नाही. तिथे वाक्य दुसऱ्याचं असतं आणि तुम्ही अंदाज बांधता. त्यापेक्षा असा एक परिच्छेद लिहा.

इल फझे फ्र्वा. ला र्यु एते विद. झ मार्शे वित, पार्स किलेते तार. सूदँ, झे आँताँद्यु अँ ब्रुई. झ म स्वी रतूर्ने. अँ शा म रगार्दे. झे री.

थंडी होती, रस्ता रिकामा होता, उशीर झाला होता म्हणून मी भराभर चालत होते. अचानक आवाज ऐकला. मागे वळले. एक मांजर माझ्याकडे बघत होतं. मला हसू आलं.

आता यातली पासे कोंपोझेची तीनच वाक्यं ठेवा : आवाज ऐकला, वळले, हसले. सांगाडा उभा राहतो, गोष्ट कळते, फक्त रस्ता, थंडी आणि मांजर नाहीसं होतं. उलट अँपार्फेचीच वाक्यं ठेवा, तर एक सुंदर चित्र उरतं ज्यात काहीच घडत नाही. आपल्या लिखाणाची अशी दोन भागांत चिरफाड करून बघितली की कुठलं क्रियापद चुकीच्या ढिगात पडलंय ते लगेच दिसतं. सुरुवातीला आठ-दहा ओळींच्या वर जाऊ नका. आणि 'फझे'चा उच्चार तेवढा सांभाळा. स्पेलिंगमध्ये ए-आय दिसतो म्हणून सगळे 'फेझे' म्हणतात, पण 'नू फझों'मध्ये जो अस्फुट 'अ' आहे तोच इथे येतो.

तुमची वाक्यं आता अशी होतील. इयेर, झ स्वीझाले ओ सिनेमा. इला प्ल्यु तूत ला झूर्ने. झावे फँ. मोनामी आ दी किलेते फातिगे. नू सोम राँत्रे तार.

पण तुम्ही मुळात लिहिलेलं 'इयेर, झाले ओ सिनेमा' पूर्ण खोडू नका. त्याचा अर्थ 'काल मी सिनेमाला चाललो होतो' असा होतो, आणि ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. ती द्या त्याला : इयेर, झाले ओ सिनेमा, काँ झे राँकोंत्रे मों प्रोफेसर. काल मी सिनेमाला चाललो होतो, तेवढ्यात समोरून सर आले.